जुनी कॅप काय सांगते

समोरच्या दाताची जुनी कॅप बदलायला आलेल्या माणसाची मागणी बहुधा ठरलेली असते: ‘ही काढा आणि चांगली पांढरीशुभ्र बसवून द्या.’ तक्रारीही ठरलेल्या. हिरडीलगत काळी रेघ दिसते. कडेचा टवका उडालाय. शेजारच्या दातांपुढे कॅप निर्जीव वाटते. हिरडी कायम लाल, ब्रश लावला की रक्त. फोटो काढायचा म्हटलं की ओठ आपोआप मिटतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून किंवा क्रिकेटचा चेंडू लागून पटाशीचा दात तुटला, रूट कॅनल झालं, त्यावर धातू-सिरॅमिकची कॅप बसली आणि आता तिचे दिवस भरले, अशी ही सर्वसाधारण कहाणी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी डाग पडतात. ते डाग झाकायला समोरच्या चार-सहा दातांना एकदम कॅप्स बसवून घेतलेली मंडळीही असतात.

मग बोलणं थेट मटेरियलवर येतं. झिरकोनिया की ई-मॅक्स? वॉरंटी किती वर्षांची? खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. जुनी कॅप वाईट का दिसू लागली, हे आधी कळलं पाहिजे. ते कारण तसंच ठेवून वर कितीही महागडी कॅप चढवली, तरी दोन-चार वर्षांत तीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. म्हणून या प्रकरणाचा क्रम असा: आधी जुन्या कॅपचे दोष, मग आतला दात, हिरडी, आकार, रंग आणि त्यानंतर मटेरियल.

दोष आणि त्यांची कारणं

काळ्या रेघेपासून सुरुवात करू. मेटल-सिरॅमिक कॅपच्या आत ०.३ ते ०.५ मिलिमीटर जाडीची धातूची टोपी असते. आपल्याकडे बहुतेक वेळा निकेल-क्रोमियमची. तिचा करडा रंग दिसू नये म्हणून वर एक अपारदर्शक थर आणि त्याच्यावर दाताच्या रंगाचं सिरॅमिक. कॅपच्या अगदी काठाशी मात्र एवढ्या थरांना जागाच उरत नाही आणि धातूची बारीक कड उघडी राहते. बसवली त्या दिवशी ही कड हिरडीखाली दडवलेली असते. पुढे सुजेमुळे, वयामुळे किंवा वर्षानुवर्षं आडवा ब्रश रगडल्यामुळे हिरडी मिलिमीटरभर सरकते आणि कड बाहेर येते.

पण काळपटपणा दिसला की धातूलाच दोष देऊन मोकळं होता येत नाही. रूट कॅनल झालेल्या दाताचं मूळही कधीकधी काळवंडतं आणि हिरडी पातळ असली, तर ते तिच्याआडून दिसतं. दोन्हींत फरक करता येतो. धातूची रेघ बारीक आणि ठसठशीत असते, कॅपच्या काठाला चिकटून. मुळाची सावली हिरडीच्या आत पसरलेली, करडी-जांभळट असते. पहिली रेघ बिनधातूची कॅप बसवून जाते. दुसरी मात्र नुसती कॅप बदलून जात नाही. तिच्यासाठी दाताला आतून ब्लीच करणं किंवा हिरडी जाड करण्याची छोटी शस्त्रक्रिया, असे वेगळे उपाय लागतात. हे आधी सांगितलं गेलं नाही, तर नवी कॅप बसल्यावर ‘रेघ तशीच आहे की!’ हे ऐकावंच लागतं.

दुसरी तक्रार लाल, सुजलेल्या हिरडीची. कॅप हिरडीखाली नेमकी किती खोल गेली आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. हाडाच्या टोकापासून बाहेर साधारण दोन मिलिमीटरची एक पट्टी असते, जिथे हिरडी दाताला घट्ट जोडलेली असते. १९६१ साली गार्जुलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मापं प्रसिद्ध केली आणि आजही दंतवैद्यकाचा विद्यार्थी ती पाठ करतो. कॅपची कड लपवायच्या नादात या पट्टीत घुसली, की शरीर ती खपवून घेत नाही. मग हिरडी सतत सुजलेली तरी राहते किंवा मागे तरी सरते. रुग्ण बिचारा ब्रश बदलतो, पेस्ट बदलतो, मिठाच्या पाण्याने गुळण्या करतो. उपयोग होत नाही, कारण दुखणं ब्रशच्या आवाक्याबाहेर असतं.

याशिवाय कॅप फुगीर असणं, काठाशी पायरी राहणं, जुनं सिमेंट अडकून बसणं, दोन कॅप्स एकमेकींना जोडून केल्यामुळे मधून दात साफ करायचा दोरा न जाणं, हीही सुजेची नेहमीची कारणं. थोड्या लोकांना निकेलची ॲलर्जी असते. खोट्या दागिन्यांनी कान चिघळणाऱ्यांनी ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर जरूर घालावी.

टवका उडण्याचं कारण बहुतेक वेळा चावण्याच्या पद्धतीत सापडतं. खालचे दात पुढे सरकताना वरच्या पटाशीच्या दातांच्या मागच्या बाजूवरून घसरत जातात. त्या वाटेत कॅप अडथळा करत असेल किंवा माणूस झोपेत दात खात असेल, तर सिरॅमिकवर रोज रात्री घण बसतो. दाताने दोरा तोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, ऊस सोलणं हे वर आणखी.

आणि निर्जीव पांढरेपणा? त्यात अर्धा वाटा अपारदर्शक थराचा असतो, अर्धा काळाचा. खरा दात प्रकाश आत घेतो, थोडा पसरवतो, थोडा परत पाठवतो. धातूवरचा थर प्रकाश तिथेच अडवतो. शिवाय पंधरा वर्षांत शेजारच्या दातांवरचं एनॅमल झिजतं, आतलं डेंटिन जाड होत जातं आणि ते दात पिवळसर होतात. सिरॅमिक मात्र पंचविशीतच थांबलेलं असतं.

धातू आत आला कसा

धातू इतका त्रासदायक असेल तर तो घातलाच कशाला, असं कुणालाही वाटेल. समोरच्या दाताची पहिली देखणी कॅप बिनधातूचीच होती. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातले दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १८८०च्या दशकात प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सेलीन भाजून दातावर चढवायची ‘जॅकेट क्राउन’ तयार केली. (१९२७ साली एकट्याने अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग हा त्यांचा नातू.) ती दिसायला सुंदर होती, पण जरा जोर पडला की तडकायची.

पोर्सेलीन धातूवर भाजावं, तर निवताना दोघं वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि पोर्सेलीनला तडे जातात. धातूच्या जोडीने आकसेल असं पोर्सेलीन तयार करण्याची रीत वाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. १९६२ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं आणि पुढची चाळीसेक वर्षं मेटल-सिरॅमिकने जगभर राज्य केलं. मजबुती मिळाली, पण प्रकाश गेला.

तो परत आणला तो चिकटवण्याच्या तंत्राने. एनॅमलवर आम्ल लावलं तर त्यावर रेझिन घट्ट धरतं, हे मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं. सिरॅमिकलाही आतून आम्लाने खरवडून दाताला चिकटवता येतं, हे १९८३ साली सायमन्सन आणि कॅलामिया यांनी मांडलं. दाताला चिकटलेलं सिरॅमिक सुट्या सिरॅमिकपेक्षा कितीतरी जास्त ताण सोसतं. त्यानंतर आलेली लिथियम डायसिलिकेट आणि झिरकोनिया ही मटेरियल्स मुळातच मजबूत होती. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या दाताला धातूची कॅप बसवणाऱ्या डॉक्टरांनी चूक केली असं बिलकुल नाही. त्या काळी तीच भरवशाची होती.

कॅप कापताना

पक्क्या सिमेंटने बसवलेली कॅप सहसा ओढून काढत नाहीत. झटक्यासरशी आतला दातच मोडू शकतो. ती कापतात. दात जिवंत असेल तर आधी भुलीचं इंजेक्शन. मग ओठाकडच्या बाजूला, हिरडीपासून टोकापर्यंत, डायमंड बरने, म्हणजे मशिनच्या फिरत्या कापणाऱ्या टोकाने, एक उभी खाच. सिरॅमिक कापलं जाताना पाण्याच्या फवाऱ्यात पांढरा गाळ दिसतो. खाली धातू लागला की मशिनचा आवाज बदलतो आणि बरही बदलावा लागतो, आता कार्बाइडचा. खाच सिमेंटपर्यंत पोचली की तिच्यात चपट्या टोकाचं हत्यार घालून हलकेच पिळतात. सिमेंट कट्कन तुटतं, कॅपच्या दोन कडा फाकतात आणि ती सुटून हातात येते. झिरकोनियाची कॅप असेल तर हेच काम बरंच लांबतं आणि एखाददुसरा बर झिजून जातो.

बाहेरून दिसणाऱ्या दोषांमागे आत काय होतं, ते आता कळतं. चांगली कॅप काढली तर खाली स्वच्छ, कडक ठुंठ सापडतं. काठातून लाळ झिरपत असेल तर सिमेंट मऊ पडलेलं, वास मारणारं असतं आणि खाली कीड. रूट कॅनलचा दात असेल तर बऱ्याचदा आत बसवलेली धातूची पोस्ट, म्हणजे मुळात रोवलेली आधाराची खुंटी, दिसते. तिची पकड आणि मुळाच्या टोकाची तब्येत आधीच काढलेल्या आरव्हीजीत, म्हणजे छोट्या डिजिटल एक्स-रेत, पाहून घेतलेली असते.

आता खरा निर्णय. हिरडीबाहेर दाताचा स्वतःचा निरोगी भाग सभोवार निदान दीड ते दोन मिलिमीटर उरला आहे का? बैलगाडीच्या चाकाला बाहेरून चढवलेली लोखंडी धाव लाकूड आवळून धरते, तसा कॅपचा काठ या भागाला कवटाळतो आणि दात उभा चिरायचा वाचतो. हा भाग उरलाच नसेल तर कॅप कितीही भारी असो, ती पोस्टसकट बाहेर येणार किंवा मूळ फुटणार. अशा वेळी दात थोडा बाहेर ओढून घेणं, हाडाचा काठ थोडा घासून दाताची उंची वाढवणं किंवा सरळ दात काढून इम्प्लांट लावणं, असे मार्ग उरतात. कॅप काढण्यापूर्वी डॉक्टर ‘आत बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही’ म्हणतात, त्यात टाळाटाळ नसते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातलं किती द्रव्य जातं, हे एडलहॉफ आणि सोरेन्सन यांनी २००२ साली वजन करून मोजलं. ते ६३ ते ७२ टक्के निघालं. दर वेळी कॅप बदलताना यात थोडी भर पडते. म्हणून बदलणं हे मोजक्याच वेळा करायचं काम आहे.

हिरडी आधी

सुजलेल्या हिरडीवर माप घेऊ नये. सूज उतरली की हिरडी आकसते आणि आज लपवलेली कड महिन्याभरात उघडी पडते. शिवाय माप घेताना रक्त आलं की काठाची नेमकी रेषा उमटत नाही, मग ते रबराचं माप असो की स्कॅनर. त्यामुळे जुनी कॅप काढल्यावर नीट काठाची, गुळगुळीत तात्पुरती कॅप बसवून काही आठवडे हिरडीला मोकळा श्वास द्यावा. एवढ्यानेच पुष्कळ हिरड्या गुलाबी होतात.

जुनी कड फारच खोल गेली असेल, तर हिरडी आणि हाडाचा काठ थोडा मागे न्यावा लागतो. मग समोरच्या दातांत कायमच्या कॅपसाठी तीन ते सहा महिने थांबणं शहाणपणाचं, कारण हिरडी तोवर आपली जागा बदलत असते. लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना हे काम काढू नये, ते यासाठीच. त्या दिवसापुरती चांगली तात्पुरती कॅप करून घ्यावी, बाकीचं लग्नानंतर.

दोन दातांमधल्या हिरडीच्या कोंभाचं गणितही हाडावर ठरतं. १९९२ साली टार्नो आणि सहकाऱ्यांनी दात जिथे एकमेकांना टेकतात त्या बिंदूपासून हाडापर्यंतचं अंतर मोजलं. ते ५ मिलिमीटर किंवा कमी असेल तर मधली जागा हिरडीने जवळपास नेहमी भरलेली दिसली. ६ मिलिमीटरला निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी, ७ मिलिमीटरला पाव भागाच्या आसपास. राहिलेल्या जागी काळा त्रिकोण दिसतो. नव्या कॅपमध्ये टेकण्याचा बिंदू हिरडीकडे सरकवून हा त्रिकोण बऱ्याचदा झाकता येतो. पण फार सरकवला तर दात चौकोनी दिसतात. तडजोड कुठे करायची, ते रुग्णाने डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं.

एक दिलासाही आहे. मोकळं हसताना वरचा ओठ किती वर जातो, हे आधी पाहावं. ओठ दाताच्या मध्यावरच थांबत असेल, तर हिरडीलगतची रेघ जगाला दिसतच नाही. ती फक्त आरशासमोर ओठ उचलणाऱ्यालाच दिसते. अशा माणसाने शस्त्रक्रियेच्या फंदात न पडलेलं बरं.

आकार: तात्पुरत्या कॅपची परीक्षा

तात्पुरती कॅप म्हणजे नुसतं झाकण, असं समजून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. खरं तर नव्या आकाराची चाचणी तिच्यावरच होते. डॉक्टर आधी मेणात किंवा संगणकावर दात घडवतात, त्याचा साचा करून तोच आकार तात्पुरत्या प्लॅस्टिकमध्ये तोंडात उतरवतात. मग रुग्णाने ते दात घेऊन आठ-पंधरा दिवस जगावं. बोलावं, भाकरी तोडावी, घरच्यांना दाखवावं. हळदीने ही कॅप पिवळी पडेल. त्याची काळजी नको, इथे रंग तपासायचा नाही.

वरच्या मधल्या दाताची रुंदी लांबीच्या ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्याला प्रमाणात वाटतो. ओठ सैल सोडले असता तरुण वयात वरच्या दातांची दोन ते चार मिलिमीटर कड दिसते. वय वाढेल तसा ओठ खाली येतो आणि दात कमी दिसतात. ‘फुटबॉल’मधल्या ‘फ’ला आणि ‘विहीर’मधल्या ‘व’ला वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या, ओलसर रेषेला हलकेच टेकायला हवी. ती ओठात रुतत असेल तर दात लांब झाले. ‘स’ म्हणताना शिट्टी वाजली तर मागची बाजू किंवा लांबी तपासायला हवी. दोन दातांमधली मधली रेषा नाकाच्या रेषेपासून किंचित बाजूला असली तर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती तिरकी झाली की मात्र लगेच खुपते.

या काळात रुग्णाने भीड सोडून बोलावं. ‘डावा जरा लांब वाटतो’ हे आता सांगितलं, तर डॉक्टर दोन मिनिटांत घासून देतात. कायमची कॅप बसल्यावर सांगितलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रंग: खुर्चीवर आणि लॅबमध्ये

रंग जुळवायचा तो भेटीच्या अगदी सुरुवातीला. तोंड उघडं ठेवून काम चालू झालं की दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. तासाभराने निवडलेली छटा दुसऱ्या दिवशी हमखास चुकलेली असते. लिपस्टिक पुसावी, भडक ओढणी किंवा साडीवर करडा कपडा पांघरावा. दिवसाचा उजेड उत्तम. एकाच दाताकडे टक लावू नये. काही सेकंदांनी डोळा थकतो आणि सगळ्या छटा सारख्याच भासू लागतात.

डॉक्टरांच्या हातातल्या पट्टीवर बहुधा जर्मन कंपनी व्हिटाच्या सोळा छटा असतात: ‘ए’ तांबूस-तपकिरी, ‘बी’ तांबूस-पिवळ्या, ‘सी’ करड्या, ‘डी’ तांबूस-करड्या. त्यांतली ए-वन ही फिकट छटा आपल्याकडे सर्वांना हवी असते. पण डोळ्याला सर्वांत आधी कळतो तो उजळपणा. ती छटा तांबूस की पिवळसर, हे नंतर. म्हणून छटेचा नमुना दाताला लावून काढलेला फोटो काळा-पांढरा करून पाहतात. रंगाचा भास गेला की उजळपणातला फरक उघडा पडतो.

दात पांढरे हवेच असतील तर ब्लीचिंग आधी करावं, कॅप नंतर. सिरॅमिकवर ब्लीचचा परिणाम होत नाही. शिवाय ब्लीचनंतर रंग स्थिरावायला आणि रेझिन नीट चिकटायला दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात.

सगळ्यात अवघड काम म्हणजे एकाच मधल्या दाताची कॅप. जोडीचा खरा दात शेजारीच उभा असतो आणि फरक लगेच कळतो. त्यासाठी लॅबकडे नुसतं ‘ए-टू’ लिहून पाठवणं पुरत नाही. फोटो लागतात, शक्यतो टेक्निशियनने रुग्णाला एकदा पाहिलेलं लागतं. मग तो बारीक ब्रशने पावडर आणि द्रवाचा लगदा थर देत लावतो: आत डेंटिनचा, टोकाशी निळसर झाक देणारा, वर एनॅमलचा. शेजारच्या दातावर केसभर पांढरा डाग किंवा बारीक चीर असेल तर तीही आत रेखतो. भट्टीत लगदा आकसतो, म्हणून मुद्दाम मोठा लावतो, भाजतो, कमी पडलं तिथे भरतो, पुन्हा भाजतो. शेवटी पृष्ठभागावर आडव्या सूक्ष्म लाटा कोरतो, कारण तरुण दात आरशाइतका सपाट नसतो.

एवढं जमूनही लबाडी उघडी पडू शकते. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. खरा दात अतिनील प्रकाशात निळसर पांढरा चमकतो. हा गुण नसलेली कॅप डीजेच्या जांभळ्या दिव्याखाली काळी पोकळी दिसते. म्हणून दोन-तीन प्रकारच्या उजेडात पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

काम सोपं व्हावं म्हणून ‘शेजारच्या दातालाही कॅप करून टाकू, दोन्ही जुळतील’ असा सल्ला कधीकधी मिळतो. शेजारचा दात धडधाकट असेल तर ठाम नाही म्हणावं. रंगासाठी निरोगी दाताचं दोन तृतीयांश अंग देण्याइतकं काही अडलेलं नसतं.

आता मटेरियल

एवढं झाल्यावर निवड जवळपास आपोआप होते. आतलं ठुंठ दाताच्या रंगाचं असेल तर लिथियम डायसिलिकेट, म्हणजे बोलीभाषेतलं ई-मॅक्स, समोरच्या दाताला शोभतं. ते प्रकाश आत घेतं आणि आम्लाने खरवडून दाताला चिकटतं. त्याची मजबुती ४०० मेगापास्कलच्या आसपास. जुन्या पोर्सेलीनच्या कितीतरी पट. मशिनमध्ये कापतात तो ठोकळा चक्क निळा-जांभळा असतो. भट्टीत सुमारे ८५० अंश सेल्सिअसला त्याला दाताचा रंग येतो.

आत काळवंडलेला दात किंवा धातूची पोस्ट असेल तर हाच गुण अवगुण ठरतो, कारण काळेपणा आरपार दिसतो. तिथे झिरकोनियाचा अपारदर्शक गाभा आणि वर हाताने चढवलेलं सिरॅमिक चांगलं. झिरकोनियाची मजबुती सुमारे १,००० मेगापास्कल. त्याला तडा जाऊ लागला की तड्याच्या टोकाशी कण आपली रचना बदलून किंचित फुगतात आणि तडा दाबून धरतात. हल्लीचा जास्त पारदर्शक झिरकोनिया यातली बरीच ताकद गमावून दिसणं कमावतो. म्हणून ‘झिरकोनिया’ एवढंच ऐकून समाधान मानू नये. कोणता, आणि त्यावर थर चढवणार की एकसंध, हे विचारावं.

दाब जास्त, जागा कमी आणि ओठ खाली राहणारा, असं असेल तर मेटल-सिरॅमिकही अजून वाईट नाही. खिशाचाही विचार असतोच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दंत महाविद्यालयांत हे काम कमी खर्चात होतं. फेऱ्या मात्र जास्त माराव्या लागतात.

वॉरंटी कार्डाबद्दल एक सूचना. ते सहसा सिरॅमिक तुटण्यापुरतं असतं. आत कीड लागली, हिरडी सरकली किंवा रंग आवडेनासा झाला, तर ते उपयोगी पडत नाही.

बसवण्याच्या दिवशी आणि नंतर

कायमच्या सिमेंटआधी कॅप नुसती घालून पाहतात. हा क्षण रुग्णाचा. खुर्चीवरून उठून खिडकीशी जावं, हसावं, बोलावं, फोटो काढावा. होकार दिल्यावर तोंडात लाळ येणार नाही अशी व्यवस्था करून चिकटवण्याचं काम होतं. ई-मॅक्सला आतून हायड्रोफ्लुओरिक आम्ल आणि सायलेन लावतात. झिरकोनियावर ते आम्ल चालत नाही, म्हणून त्यावर बारीक ॲल्युमिनाचा मारा करून एमडीपी नावाचं रसायन असलेला प्रायमर लावतात. काठाशी उरलेलं सिमेंट शोधून काढणं हे कंटाळवाणं, पण हिरडीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचं काम. मग पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जबडा सरकवून अडथळे घासले जातात. दात खाणाऱ्याने रात्री दातांवर घालायची प्लेट घ्यावी, नाहीतर टवका पुन्हा उडणार.

कॅपला कीड लागत नाही, तिच्या काठाशी उरलेल्या दाताला लागते. म्हणून मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, रोज दोरा आणि वर्षातून एकदा तपासणी. मिश्री, तंबाखू आणि काठावरचं सिमेंट यांचं जमत नाही; काठ तपकिरी पडतो आणि लोक म्हणतात, कॅपचा रंग गेला.

काही वेळा न बदलणंच उत्तम. टवका छोटा असेल तर रेझिनने भरता येतो, खडबडीत कड पॉलिश करता येते. हिरडी निरोगी, काठ बंद, आरव्हीजी स्वच्छ आणि तक्रार फक्त ‘अजून थोडी पांढरी हवी होती’ एवढीच असेल, तर त्या दाताला आणखी एकदा घासण्याइतकं ते कारण मोठं नाही.

बदललीच तर घरी जाताना एक कागद मागून घ्यावा. तारीख, मटेरियलचं पूर्ण नाव, छटा, सिमेंट, आतल्या पोस्टचा प्रकार, आरव्हीजीची प्रत आणि स्कॅन केलं असेल तर त्याची फाइल. पाच वर्षांनी शंभरातल्या सुमारे ९५ कॅप्स जागेवर असतात, असं अनेक अभ्यासांचे एकत्रित आढावे सांगतात. पण जन्मभराची कॅप कुणीच देऊ शकत नाही. हीही कधीतरी बदलावी लागेल. कदाचित दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरकडे. तेव्हा आत काय आहे याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा त्यांना तो कागद वाचता येईल आणि तुमचा थोडाफार दात वाचेल.